वेळापत्रकात वाळण्याला जागा नव्हती: एका उन्हाळी हस्तकला कार्यशाळेचा प्रकरण अभ्यास

कार्यशाळा दोन आठवड्यांची, आठवड्याला पाच दिवस, रोज दोन तास. मुलं सुमारे तीस, वय 6 ते 11. शिकवायला दोन ताई आणि एक दादा. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘रोज नवी कला, रोज एक वस्तू घरी’. बहुतेक नावनोंदणी या वाक्यावरच झाली, आणि पुढे जे बिघडलं त्याचं मूळही माझ्या मते याच वाक्यात होतं. मला बोलावलं गेलं ते मात्र वेगळ्याच तक्रारीसाठी.

तक्रार अशी की मुलं रमत नाहीत. पहिले दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवसापासून अर्ध्या तासात ‘ताई, माझं झालं’ म्हणत मुलं उठायला लागली. मोठी मुलं टेबलाखाली शिरून भलतेच खेळ खेळत. दोघातिघांनी येणंच सोडलं. शिकवणाऱ्यांचं म्हणणं, मुलांना हल्ली एका जागी बसवत नाही, मोबाइलनं वाट लावली आहे. आयोजक बाईंचं म्हणणं, सामान पुरेसं आकर्षक नाही. चमकी आणू, नव्या रंगाच्या बाटल्या आणू, दिवसातल्या सर्वांत छान वस्तूला बक्षीस ठेवू. पालकांची मात्र काहीच तक्रार नव्हती. रोज पिशवीतून काहीतरी घरी येत होतं.

शिकवणं हे माझं काम आहेच, पण अशा वर्गात मागच्या बाकावर बसून नुसतं बघणं हेही मी बऱ्याचदा करतो. बघायचं असतं ते एवढंच: कुठल्या क्षणी कुणाचे हात कामावर आहेत.

मुखवट्याचा दिवस

वेळापत्रकात त्या दिवशी ‘पेपर माशेचा मुखवटा’ होता. फुगा फुगवायचा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून त्याच्या अर्ध्या भागावर चिकटवायच्या, तीन थर द्यायचे, वाळवायचं, फुगा काढायचा, डोळ्यांना भोकं पाडायची, रंगवायचं. हे सगळं दोन तासांत.

पहिला पाऊण तास बघण्यासारखा होता. खळीत हात घालायला कुणाला सांगावं लागलं नाही. सहा वर्षांचा एक मुलगा पट्टी बुडवायचा, दोन बोटांत धरून निथळायचा आणि नीट बसली की स्वतःशीच मान हलवायचा. आठ वर्षांच्या एका मुलीनं कागदाचा बोळा करून त्याचं नाक केलं आणि ते जवळजवळ गालावर बसवलं. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, ‘याला सर्दी झालीय, पुसून पुसून नाक सरकलंय.’

मग थर संपले आणि सगळं थांबलं. खळीनं भिजलेला तीन थरांचा कागद वाळायला, हवा कोरडी असली तरी, साधारण एक दिवस जातो; दमट असेल तर दोन. इथे त्यासाठी अर्धा तास होता. पंखा लावला, मग केस वाळवायचं यंत्र आणलं. त्यानं वरचा थर कडक झाला, आतला लगदा ओलाच राहिला. दादांनी फुगे फोडायला सुरुवात केली आणि निम्मे मुखवटे आत बसले. उरलेल्यांवर रंग द्यायला घेतला तर ब्रशबरोबर कागदच सोलून यायला लागला. सर्दीवाल्या राक्षसाचं नाक घसरून हनुवटीवर आलं.

तिथून पुढे मोठ्यांनी काम केलं आणि मुलांनी बघितलं. ‘दे इकडे, मी करून देते’ हे वाक्य त्या वेळात किती वेळा ऐकू आलं ते मोजायची गरजच नव्हती. एका ताईंनी ग्लू गन घेतली आणि नाक उचलून बरोब्बर मधोमध चिकटवलं. चांगल्या मनानंच. मुलगी म्हणाली, ‘ताई, माझं झालं का?’ इतर वेळी मुलं ‘माझं झालं’ म्हणतात, हिनं विचारलं. तिच्या वस्तूवर तिचा हक्क आता एवढाच उरला होता.

त्या दिवशी घरी गेलेले मुखवटे एकमेकांचे भाऊ वाटत होते. साहजिक आहे, ते तिघांच्याच हातांनी पुरे झाले होते.

घोळ कुठे होता

मी वेळापत्रक मागून घेतलं आणि प्रत्येक उपक्रमापुढे एकच गोष्ट लिहिली: यातलं काय ओलं आहे आणि ते वाळायला किती वेळ लागतो. आयोजक बाईंनी नंतर सांगितलं की सामानाची यादी त्यांनी चार वेळा तपासली होती, हा रकाना मात्र कधी सुचलाच नव्हता. सुचत नाही, खरंच आहे. उपक्रम शोधताना आपण तयार वस्तूचं चित्र बघतो, आणि व्हिडिओत तर वाळण्याचा भाग कापलेलाच असतो.

पहिल्या आठवड्यात पाचपैकी चार दिवस ओल्या कामाचे होते. मातीची वाटी, मुखवटा, पांढऱ्या गोंदानं चिकटवायचं पुठ्ठ्याचं घर आणि जाड रंगांचं चित्र.

मातीचं उदाहरण सर्वांत बोलकं. ओल्या मातीतलं पाणी उडतं तशी ती आकसते. नुसत्या वाळण्यात बहुतेक माती साधारण 5 ते 8 टक्के कमी होते. वाटीचा काठ पातळ आणि बूड जाड असेल, आणि मुलांच्या वाट्या अशाच असतात, तर काठ आधी वाळून आकसतो, बूड ओलंच असतं, आणि मधल्या ताणानं तडा जातो. उन्हाळ्याच्या गरम वाऱ्यात किंवा पंख्याखाली हे आणखी लवकर होतं. म्हणजे ‘लवकर वाळावी’ म्हणून केलेला उपायच वाटी फोडतो. माती सावकाश वाळवायची असते, वर प्लॅस्टिक सैलसर झाकून, आणि बोटभर जाडीच्या वस्तूला सहज काही दिवस लागतात. इथे ती त्याच दिवशी रंगवून ओलीच घरी पाठवली होती. दुसऱ्या दिवशी तीनचार मुलांनी येऊन सांगितलं की वाटी तडकली. त्यावर ‘तू नीट मळली नव्हतीस’ असं उत्तर मिळालं. मळणं कमी पडलं असेलही. पण नीट मळलेली वाटीसुद्धा या घाईतून वाचली नसती.

पांढऱ्या गोंदाचंही तसंच. तो चिकटतो तो त्यातलं पाणी निघून गेल्यावर. कागदावर कागद असेल तर कागद पाणी शोषतो आणि पाचदहा मिनिटांत पकड येते. पुठ्ठ्याची उभी भिंत जोडायची तर अर्धा तास कुणीतरी धरून बसायला हवं, आणि पूर्ण पकड यायला जवळजवळ दिवस. चकचकीत प्लॅस्टिकला प्लॅस्टिक चिकटवायला घेतलं तर पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. मुलं जास्त गोंद ओततात, त्यानं उशीर वाढतो, भिंत पडते, मग ग्लू गन येते.

या ग्लू गनवर जरा थांबतो, कारण हाताचा ताबा कुठे बदलतो ते इथे दिसतं. जास्त तापणाऱ्या ग्लू गनमधला गोंद साधारण 190 अंश सेल्सिअसला बाहेर येतो, कमी तापणाऱ्यामधला 120 च्या आसपास. मुलांची बोटं भाजायला दोन्ही पुरेसे. त्यामुळे ती मोठ्यांच्याच हातात राहते, आणि राहायलाच हवी. पण मग जोडण्याचं काम, म्हणजे वस्तू उभी राहण्याचा क्षण, दरवेळी मोठ्यांकडे जातो. मुलांकडे उरतं ते सजवणं.

चौथ्या दिवशी कुणीतरी सुचवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस आणू, ते मिनिटांत घट्ट होतं, हाताचे ठसे घेऊ. वेळेची चणचण माणसाला कुठे नेते पाहा. प्लास्टर घट्ट होताना उष्णता सोडतं. थर जाड असेल तर तापमान कातडी भाजण्याइतकं चढतं, आणि एकदा आवळलं की हात बाहेर निघत नाही. 2007 साली इंग्लंडमधल्या एका शाळेत कलेच्या तासाला 16 वर्षांच्या विद्यार्थिनीनं हाताचा साचा करायला प्लास्टरमध्ये हात घातले आणि तिला बोटं गमवावी लागली. मी हे सांगितल्यावर तो विषय तिथेच संपला. हातापायांचा साचा प्लास्टरमध्ये घ्यायचाच नाही, कुठल्याही वयात.

बक्षिसाबद्दल आणि नमुन्याबद्दल

रोजच्या बक्षिसाची कल्पना आयोजक बाईंना फार आवडली होती. मी विरोध केला तो तत्त्व म्हणून नाही. या प्रश्नावर एक जुना आणि फार स्वच्छ प्रयोग झालेला आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली तो प्रसिद्ध केला. बालवाडीतली चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छानसं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात रंगाचे पेन समोर ठेवले तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ त्यांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह कमी झाला नव्हता. म्हणजे कौतुक बाधत नाही, बाधतो तो आधी ठरलेला सौदा. ज्या वर्गात आधीच काम हातातून निसटलंय तिथे हा सौदा आणायचा म्हणजे उरलंसुरलंही घालवायचं.

दुसरी गोष्ट तयार नमुन्याची. रोज टेबलावर ताईंनी घरून करून आणलेली देखणी वस्तू ठेवलेली असायची. लहान मुलांना तिचं फारसं काही वाटत नव्हतं. दहाअकरा वर्षांची मुलं मात्र दर दोन मिनिटांनी तिच्याकडे बघत आणि आपलं खोडत. कलाशिक्षणात व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यात साधारण 9 ते 11 हे वय असं आहे की मूल आपलं काम खऱ्याशी आणि इतरांच्या कामाशी ताडून बघू लागतं. सात वर्षांचा मुलगा घर काढतो तेव्हा ते घरच असतं. दहा वर्षांच्या मुलाला ते ‘घरासारखं नाही’ असं दिसतं. टेबलाखाली खेळणारी मुलं कोण होती ते मी परत पाहिलं. जवळजवळ सगळी याच वयाची. त्यांना कंटाळा आला होता हे खरं, पण हरणाऱ्या शर्यतीतून माणूस जसा अंग काढून घेतो, तसा तो कंटाळा होता.

मोबाइलचा मुद्दा मी सोडून दिला. असेल किंवा नसेल, त्यावर आयोजकांना करता येण्यासारखं काही नव्हतं.

दुसरा आठवडा

पाच दिवसांत पाच वस्तूंऐवजी तीन करायचं ठरलं. आयोजक बाई धास्तावल्या, ‘सर, पालकांना काय सांगू?’ ते काम त्यांनी फोन करून स्वतः केलं, आणि मला वाटतं सगळ्यात अवघड वाटा तोच होता. बाकीचं नुसतं वेळापत्रक होतं.

एका दिवशी एकच काम ठेवायचं नाही. अर्धा वेळ ओलं काम, अर्धा वेळ कोरडं. कोरडं म्हणजे कागद विणणं, घड्या घालणं, जाड कागदावर भोकं पाडून दोरा ओवणं, तारेचे आकार, छाप्यांसाठी पुठ्ठा कापणं. यात नवं काही नाही. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी 1837 मध्ये लहान मुलांसाठी शाळा सुरू केली, त्यांच्या हस्तव्यवसायांतही कागदाच्या घड्या, विणकाम, टोचून नक्षी, शिवण हेच होतं. मातीही होती, पण भर कोरड्या कामावर. मूल उठून गेलं आणि परत आलं तरी हे काम जिथल्या तिथे असतं, कुणाच्या मदतीवाचून पुढे सरकतं.

मातीच्या कामात मजा झाली. पहिल्या दिवशी मुलांनी पोळी लाटावी तशी मातीची पाटी लाटली. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवलं, की पाटी आपोआप एकसारखी येते. तडे जाण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं. जोडायचं तिथे दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे आणि मध्ये पातळ कालवलेली माती. मग प्लॅस्टिक झाकून ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी काढलं तेव्हा माती धड ओली नाही, धड कोरडी नाही, दाबली तर वाकत नाही पण नखानं ओरखडता येते अशी होती. कुंभारकाम करणाऱ्यांना कोरीवकामासाठी हीच अवस्था हवी असते. ओल्या मातीत रेघ ओढली की कडा उचलून येतात, पूर्ण वाळली की टवके उडतात. मधल्या अवस्थेत रेघ स्वच्छ पडते. मुलांना कुणी हे समजावलं नाही. पहिल्या दिवशी ज्यांनी घाईनं रेघा मारल्या होत्या, त्यांनी दोन्ही रेघा शेजारी बघितल्या आणि एक मुलगा म्हणाला, ‘आधीच सांगायचं ना, थांबलो असतो.’

वाळण्याचा काळ वाया जातो हा समज मला वाटतं इथे सुटला. प्रत्येक टप्प्यावर वस्तू वेगळं काहीतरी करू देते. थांबणं नुसतं सोसायचं नसतं, त्याचा उपयोग करायचा असतो.

मुखवटे परत केले. या वेळी फुगा नको म्हटलं. उन्हात फुग्यातली हवा प्रसरण पावते, संध्याकाळी आकसते, आणि अर्धवट वाळलेलं कवच त्याच्याबरोबर सुरकुततं किंवा सुटतं. शिवाय फुटलेल्या रबराचे तुकडे लहान मुलांच्या तोंडात जायची भीती असते ती वेगळीच. त्याऐवजी वर्तमानपत्र चुरगाळून टेपनं बांधलेला उंचवटा, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद. सोमवारी दोन थर, बुधवारी नाककान आणि तिसरा थर, शुक्रवारी रंग. मधल्या वेळात ते दोरीवर आणि जाळीवर, म्हणजे खालूनही वारा लागेल असे.

तयार नमुना काढून टाकला. त्याऐवजी ताईंनी मुलांसमोर स्वतःचं काम सुरू केलं आणि तेही तितकंच अर्धवट राहिलं. ग्लू गन कपाटात गेली. पुठ्ठ्याच्या जोडांना खाचा पाडणं आणि कपड्याचे चिमटे लावून ठेवणं शिकवलं. चिमट्यानं दाबून ठेवलेला जोड सात वर्षांच्या मुलाला एकट्याला जमतो.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट सांगायला हवी. दोन मुलं ‘कापायला येत नाही’ म्हणून रोज मदत मागायची. दोघंही डावखुरी निघाली. नेहमीच्या कात्रीचं वरचं पातं उजव्या हातासाठी बसवलेलं असतं. डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात, कागद कापला जाण्याऐवजी दुमडतो आणि रेघही पात्याआड जाते. डाव्या हाताच्या कात्र्या आणल्या, प्रश्न मिटला. दहा माणसांत साधारण एक डावखुरं असतं. तीसच्या वर्गात दोनतीन कात्र्या आधीच असायला हव्यात.

काय जमलं, काय नाही

‘माझं झालं’ कमी झालं. बंद व्हायचं कारण नाही, काही मुलं लवकर उरकतातच. मोठ्यांचे हात मुलांच्या कामावरून निघाले, हे मात्र डोळ्यांना दिसत होतं. दुसऱ्या आठवड्याच्या मुखवट्यांत कुठले दोन सारखे नव्हते, आणि बरेचसे पहिल्यांपेक्षा ओबडधोबड होते. एका ताईंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, प्रदर्शनात मांडल्यावर पालक आम्हालाच विचारणार, हे असं का. त्यांचा मुद्दा मला अगदीच उडवून लावता येत नाही. शिकवणाऱ्याची किंमत तयार वस्तूवरून ठरत असेल, तर तो वस्तू सुधारणारच.

सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हा बदल अर्धाच चालला. सोमवारी लावलेले थर त्यांना बुधवारी आपले वाटत नव्हते. एकानं दुसऱ्याच मुलाचा मुखवटा उचलून रंगवायला घेतला आणि त्यावरून रडारड झाली. टेपवर नावं लिहिली होती, पण वाचता कुठे येत होतं? मग नावाबरोबर खूण काढायला लावली, मासा, छत्री, पतंग, तेव्हा जरा बरं झालं. तरी या वयाला दोन दिवसांपेक्षा लांबणारं काम देऊ नये असं माझं मत झालं आहे. गैरहजेरीचाही त्रास झाला. बुधवारी जे आलं नाही त्याच्या मुखवट्याला नाक नाही, आणि शुक्रवारी ते नवं बसवलं तर रंगवायच्या वेळी ओलं.

जागेचा प्रश्न तर आम्ही कुणीच धरला नव्हता. तीस मुलांची तीन तीन अर्धवट कामं ठेवायची म्हणजे नव्वद वस्तू, आणि त्या एकमेकांवर रचता येत नाहीत. शेवटी मागच्या खोलीत दोऱ्या बांधल्या आणि जमिनीवर पुठ्ठे अंथरले. तिथून चालणं मुश्किल झालं. पुढच्या वेळी खोली ठरवताना मुलं किती बसतील याच्याबरोबर कामं किती वाळतील हेही बघावं लागेल.

पालकांपैकी काहींनी विचारलंच की आता रोज काही घरी का येत नाही. आयोजक बाईंनी त्यावर एक साधी युक्ती काढली: कोरड्या भागात केलेलं विणकाम किंवा घडी रोज पिशवीत जायची. त्यामुळे पत्रकातलं वाक्य, म्हटलं तर, मोडलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या पत्रकावरून मात्र आमचा वाद झाला. ‘रोज एक वस्तू’ काढून टाका असं मी म्हणत होतो. त्या म्हणाल्या, त्याशिवाय नावं येणार नाहीत, आणि वर्ग भरलाच नाही तर तुमचं वाळवण कोण बघणार? शेवटी सहासात वर्षांच्या मुलांची तुकडी वेगळी करायची आणि तिच्या पत्रकात ते वाक्य ठेवायचं, एका दिवसात खरंच पुरी होतील अशाच कामांसाठी. मोठ्यांच्या पत्रकात ‘तीन वस्तू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुलांच्याच हातच्या’ असं जाईल. दोन्ही वेळापत्रकांना वाळण्याचा रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय सामानाची यादी करायची नाही असं ठरलं आहे.